नोकरी न सोडता धंदेवाल्याचं डोकं वापरायचं म्हणजे सोमवारी सकाळी नक्की काय करायचं?

सेटर_भोसरी

व्हीएमसीवर (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन) सेटर-कम-प्रोग्रामर आहे, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन लावतो आणि प्रोग्रामही लिहितो, नऊ वर्षं झाली. हातात ३८ हजार येतात. कंपनी छोटी, तीन व्हीएमसी आणि दोन सीएनसी लेथ, सगळं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्यांचे पार्ट बनवून देणं. 'एंटरप्रेन्युअर माइंडसेट ठेवा' हे ऐकून कान किटले आहेत, पण म्हणजे काय करायचं ते कुणी सांगत नाही. कंपनी काढायची नाही, निदान आत्ता तरी नाही. रोज दोनेक तास आणि महिन्याला सहा हजार रुपये स्वतःवर घालू शकतो.

समोर तीन वाटा दिसतात. एक, ६० हजारांचा कॅमचा (सॉफ्टवेअरने मशीनचा प्रोग्राम बनवण्याचा) कोर्स हप्त्यांवर. दोन, बाहेरच्या छोट्या शॉपची प्रोग्रामिंगची कामं. तीन, आहे तिथेच पगार वाढवून घेणं. सुरुवात कुठून करावी? कृपया प्रेरणादायी व्हिडिओंच्या लिंका देऊ नयेत.

हिशेबनीस

तिसऱ्यापासून. कारण तिथे भांडवल लागत नाही आणि ग्राहक रोज डोळ्यासमोर असतो. तुमचा ग्राहक म्हणजे मालक. आज तुम्ही त्याला महिन्याचे २०८ तास (२६ दिवस गुणिले ८) विकताय. धंदेवाला तास विकत नाही, समोरच्याचा खर्च किंवा अडचण कमी करून देतो आणि त्याचे पैसे लावतो. म्हणून आधी मालकाचा हिशेब तुम्हाला मांडता आला पाहिजे.

एका व्हीएमसीचा मशीन-अवर रेट काढा. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या शॉपचे घाला. मशीन ३० लाखांचं, दहा वर्षांत घसारा, म्हणजे वर्षाला ३ लाख. व्याज सरासरी दीड लाख. दोन पाळ्या, ३०० दिवस, १६ तास. त्यातले प्रत्यक्ष चालू ७५ टक्के धरा, म्हणजे वर्षाला ३,६०० तास. घसारा अधिक व्याज साडेचार लाख भागिले ३,६००, तासाला १२५ रुपये. वीज ८० रुपये. दोन ऑपरेटर २५ हजारांनी, वर्षाला ६ लाख, तासाला १६७. मेंटेनन्स, कूलंट, ऑइल दीड लाख, म्हणजे ४२. जागा, सुपरवायझर, ऑफिस यांचा वाटा ३ लाख, म्हणजे ८३. बेरीज ४९७. तासाला ५०० धरा.

आता सेटिंग. समजा एका सेटिंगला ११० मिनिटं जातात आणि महिन्याला ४० सेटिंगं होतात. यातली ४५ मिनिटं वाचवली तर महिन्याला १,८०० मिनिटं, म्हणजे ३० तास. गुणिले ५००, महिन्याला १५ हजार. 'नऊ वर्षं झाली साहेब, महागाई वाढली' याच्यापेक्षा हा कागद जड पडतो. महागाई मालकालाही वाढलेलीच असते.

घसारा, भाडं, मशीनचा हप्ता हे आकडे मालक सांगणार नाही. विचारायचेही नाहीत. मशीनची किंमत डीलरच्या कोटेशनवरून कळते, विजेचा अंदाज मशीनच्या लोड मीटरवरून येतो आणि जॉबवर्कचा दर आख्ख्या एमआयडीसीला माहीत असतो.

थ्रूपुट

हिशेबनीस यांचा कागद बरोबर आहे, पण शेवटच्या गुणाकारात गडबड आहे. मालक हुशार असेल तर तो तिथेच बोट ठेवेल.

३० तास वाचले म्हणून घसारा कमी होत नाही, व्याज कमी होत नाही, ऑपरेटरचा पगारही तेवढाच राहतो. मशीनला लोड नसेल तर वाचलेल्या तासाची किंमत जवळपास शून्य. मशीन ३० तास जास्त रिकामं उभं राहील, एवढंच. लोड असेल, म्हणजे जॉब रांगेत पडलेले असतील, तर मात्र त्या तासात नवा जॉब निघतो. तेव्हा किंमत धरायची ती विक्रीच्या दराने. समजा दर ६५० रुपये. त्यातून वीज ८० आणि टूल-इन्सर्ट (कापणाऱ्या पात्या) ६० वजा करा, ५१० उरतात. ३० तासांचे १५,३००. आकडा योगायोगाने जवळपास तोच आला, पण अर्थ निराळा आहे. हे १५,३०० फक्त त्याच मशीनवर मिळतात जिथे काम तुंबलंय.

म्हणून पहिलं काम: तीन व्हीएमसींपैकी कुणाच्या पुढ्यात जॉबच्या ट्रे साचतात ते दोन आठवडे रोज संध्याकाळी पाहून वहीत लिहायचं. सुधारणा त्या एकाच मशीनवर करायची. तिन्हींवर एकदम हात घातला की तिन्ही अर्धवट राहतात आणि आकडा कशाचाच दाखवता येत नाही.

लोड नसेल तर मालकाची अडचण सेटिंग ही नाहीच. ऑर्डर कमी आहेत किंवा रिजेक्शन जास्त आहे. मग कागद रिजेक्शनचा करा. फुकट गेलेल्या पीसमध्ये मटेरियल, तोवर झालेलं मशिनिंग आणि बदली पीसचा वेळ, तिन्ही धरायचे. मटेरियल ग्राहकाचं असेल तर तो डेबिट नोट लावतो, म्हणजे बिलातून पैसे कापतो, तीही त्यात घाला.

टूलरूम_३

४५ मिनिटं वाचवा म्हणणं सोपं आहे, ती येतात कुठून ते लिहितो.

आधी मोजणी. दहा सेटिंगांचं मोबाइलवर शूटिंग करा (मालकाला सांगून, कारण ग्राहकाचं ड्रॉइंग फ्रेममध्ये येतं). मग मिनिटं फोडा. जॉबवर्क शॉपमध्ये साधारण असं चित्र निघतं: जुनं फिक्स्चर किंवा व्हाइस (जॉब पकडणारी साधनं) उतरवून टेबल साफ करून नवं चढवणं २०, डायल गेज लावून सरळ करणं १५, टूल शोधून लावणं आणि लेंथ ऑफसेट घेणं (टूलची लांबी मशीनला देणं) ३०, प्रोग्राम चढवून ड्राय रन (न कापता चालवून बघणं) १०, पहिला पीस आणि त्याचं क्यूसी (तपासणी) अप्रूव्हल ३५. एकूण ११०.

जपानच्या शिगेओ शिंगोंनी यावर एक साधा प्रश्न ठेवला होता: यातलं कोणतं काम मशीन चालू असताना करता येईल? त्या पद्धतीला एसएमईडी (सिंगल मिनिट एक्स्चेंज ऑफ डाय) म्हणतात. त्यातलं 'सिंगल' म्हणजे एक अंकी मिनिटं, दहाच्या आत. जॉबवर्कमध्ये दहाच्या आत जायचा हट्ट धरू नका, जॉबच एवढे बदलतात. ६५ पुष्कळ झाले.

डायल: टेबलवर कायमची बेस प्लेट बसवा, डॉवेलची (जागा पक्की करणाऱ्या पिनांची) होल ठरलेल्या अंतरावर. फिक्स्चर डॉवेलवर बसलं की जी ५४ ची (जॉबच्या शून्यबिंदूची) जागा जवळपास ठरलेली. १५ ची ३ मिनिटं होतात. एक गोम आहे. प्लेटखाली एक चिप (धातूचा कीस) राहिली की सगळं गणित तिरकं. बसवताना तळ दगडाने पुसायचा आणि दर सोमवारी डायल फिरवून बघायचा.

टूल: मशीनचं मॅगझिन (टूल ठेवायची चकती) २४ चं असेल तर १ ते १२ पॉकेट कायमचे करा. नेहमीचे फेस मिल, एंड मिल, सेंटर ड्रिल, टॅपसाठीची ड्रिलं तिथून हलवायचीच नाहीत. प्रोग्राममध्येही तेच टूल नंबर. उरलेली टूल आधीचा जॉब चालू असताना बाहेर सर्फेस प्लेटवर बीटी-४० च्या (हे टूल होल्डरचं माप) स्टँडमध्ये लावून हाइट गेजने मोजून ठेवायची. यासाठी सात-आठ होल्डर जास्तीचे लागतात. ३० ची १२ होतात.

अप्रूव्हल: ३५ मधली बरीच मिनिटं मशीन नुसतं उभं असतं, कारण पीस क्यूसीच्या रांगेत पडलेला असतो. पहिल्या पीसला लाल ट्रे ठेवा, लाल ट्रे आली की क्यूसीने हातातलं बाजूला ठेवायचं. गेज आणि रिपोर्टचा फॉर्म सेटिंग सुरू व्हायच्या आधी तयार. ३५ ची २०. याला एक रुपया लागत नाही, फक्त क्यूसीवाल्याला विश्वासात घ्यावं लागतं.

१२ अधिक १८ अधिक १५, झाली ४५. खर्च: प्लेट आणि तिचं मशिनिंग साधारण २० हजार, होल्डर अडीच हजारांनी आठ, तेही २० हजार. ४० हजार भागिले १५,३००, तीन महिन्यांच्या आत वसूल.

आता काय बिघडतं ते. बाहेर मोजलेली लेंथ मशीनवर भरताना चिन्ह चुकतं किंवा टी ७ ची किंमत टी ८ मध्ये पडते. थेट स्पिंडल जाऊन आदळतो. स्पिंडलचं काम निघालं तर तुमची वर्षभराची बचत एका मिनिटात गेली, वर नाव खराब. म्हणून पहिले तीन आठवडे प्रत्येक नव्या टूलला सिंगल ब्लॉक (एका वेळी प्रोग्रामची एकच ओळ), रॅपिड (न कापता होणारी जलद हालचाल) २५ टक्के, आणि झेड जॉबच्या ५० मिलिमीटर वर थांबवून पट्टीने अंतर बघायचं. पट्टी ५० दाखवते का? मगच खाली. ही दोन मिनिटं वाचवायची नाहीत.

दुसरं बिघडतं ते माणसांत. सेटिंग लवकर झालं की ऑपरेटरचा ओव्हरटाइम कमी होतो, आणि ओव्हरटाइम दुप्पट दराने असतो. त्याच्या घरचा हप्ता त्यावर चालू असेल तर तो तुमची बेस प्लेट 'बसत नाही' म्हणून बाजूला टाकेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. मालकाकडे जाताना सेटिंगमागे ऑपरेटरलाही काहीतरी मागा. फक्त स्वतःसाठी मागितलंत तर सुधारणा तुमच्या सुट्टीच्या दिवशी मरते.

सेटर_भोसरी

वही आजच घेतो. पण समजा तीन महिन्यांनी कागद नेला आणि मालक 'बघू' म्हणाला, तर?

हिशेबनीस

थ्रूपुट यांची दुरुस्ती मान्य. लोडचा मुद्दा माझ्या कागदात यायलाच हवा होता.

'बघू' हे उत्तर बहुतेक वेळा मागणी मोघम असल्याने येतं. कागद एकच पानाचा. वर आधीची दहा सेटिंगं, खाली नंतरची दहा, तारखांसकट. मधे खर्च आणि वसुली. आणि मागणी आकड्यात: 'वाचलेल्याच्या पाव हिश्शाइतकी, म्हणजे महिन्याला ३,८०० रुपयांची वाढ अमुक तारखेपासून' किंवा 'ठरलेल्या वेळेच्या आत झालेल्या सेटिंगमागे इतके'. दोन पर्याय द्या. एकच दिला तर उत्तर हो किंवा नाही असतं, दोन दिले तर बोलणं कोणता घ्यायचा यावर येतं. महिन्याच्या १ ते १० तारखेत जाऊ नका, पगार आणि जीएसटीच्या धावपळीत मालकाचं डोकं तिथे नसतं. हो म्हणाला तर चार ओळींचा मेल त्याच दिवशी.

तरीही दोनदा 'बघू' आलं, तर हा ग्राहक या मालाला भाव देत नाही, एवढी माहिती तुम्हाला मिळाली. तोच कागद, कंपनीचं आणि ग्राहकाचं नाव काढून, पुढच्या मुलाखतीत बायोडेटाच्या वर ठेवा. 'सेटिंग ११० वरून ६५ मिनिटं' ही ओळ 'हार्डवर्किंग अँड सिन्सिअर' पेक्षा कुठल्याही प्रॉडक्शन मॅनेजरला लवकर कळते.

परवडेल_तेवढंच

आता पहिल्या आणि दुसऱ्या वाटेबद्दल.

व्हर्जिनिया विद्यापीठातल्या सरस सरस्वती यांनी मुरलेले उद्योजक निर्णय कसे घेतात याचा अभ्यास केला, २००१ मध्ये तो मांडला. त्यातली एक गोष्ट नोकरदाराला जशीच्या तशी लागू पडते: ही माणसं 'यातून किती मिळेल' याआधी 'यात किती गेलं तरी चालेल' हे ठरवतात. तुमच्या बाबतीत महिन्याला सहा हजार, तीन महिन्यांचे १८ हजार, आणि दीडशेच्या आसपास तास. हे सगळं बुडालं तरी घर चालतं. मग डाव १८ हजारांचा. ६० हजारांचा कोर्स हप्त्यांवर घेणं म्हणजे न परवडणारा डाव तुकडे करून परवडतोय असं वाटवून घेणं.

कोर्स वाईट नाही, पण घ्यायच्या आधी मागणी तपासा. नोकरीच्या जाहिराती उघडा, चाकण, भोसरी, रांजणगाव, तळेगाव परिसरातल्या पन्नास. कोणतं कॅम सॉफ्टवेअर किती वेळा येतं याच्या रेघा मारा. कोर्सवाला जे शिकवतो ते यादीत पहिल्या दोनात नसेल तर विषय संपला. मग हात बसवायला फुकटातलं घ्या. फ्रीकॅड मोफत आहे आणि त्यात कॅमचा विभाग आहे. ऑटोडेस्कच्या फ्यूजनची वैयक्तिक मोफत आवृत्ती शिकायला बरी, पण तिच्यात मल्टि-अॅक्सिस आणि आपोआप टूलचेंज मिळत नाही, रॅपिडवरही बंधन आहे, आणि ती धंद्याच्या कामासाठी नाही. त्यावर पैसे घेऊन प्रोग्राम करून देऊ नका. थिअरी पक्की करायची तर एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे मशिनिंगचे कोर्स आहेत, बघायला पैसे पडत नाहीत, परीक्षेला बसलात तरच फी. प्रत्यक्ष मशीनवरचं शिक्षण हवं असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये चौकशी करा. केंद्र सरकारची संस्था आहे.

बाहेरच्या कामाचा दर कसा काढायचा? ३८ हजार भागिले २०८ म्हणजे १८३ रुपये तास, म्हणून २०० लावतो, असं करणारे तोट्यात जातात. पीएफचा कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा धरून कंपनीला तुम्ही समजा ४५ हजारांना पडता. आणि स्वतःच्या कामात सगळे तास बिलाचे नसतात. ड्रॉइंग समजून घेणं, फोन, जाणं-येणं, दुरुस्त्या यात ४० टक्के सहज जातात. २०८ मधले १२५ तासच बिलाचे. ४५ हजार भागिले १२५, तासाला ३६० रुपये. याच्या खाली काम घेतलंत तर नोकरीपेक्षा कमी भावात स्वतःला विकताय.

ग्राहक कोण, तर ज्याच्याकडे एकच व्हीएमसी आहे आणि पूर्णवेळ प्रोग्रामर परवडत नाही असा. त्याला 'प्रोग्रामिंग सर्व्हिस' विकू नका, एक अडलेला जॉब मागा. थांबायची अटही आधीच लिहून ठेवा: बारा आठवड्यांत तीन वेगवेगळ्या लोकांनी पैसे मोजून काम दिलं नाही, तर बंद. 'छान आहे, पुढे बघू' म्हणणारे मोजायचे नाहीत. पैसे देणारेच मोजायचे, आणि दुसऱ्यांदा आला तो ग्राहक खरा.

उधारी हा या धंद्यातला जुना रोग आहे. अर्धे आधी, अर्धे प्रोग्राम चालल्यावर. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला दोन हजार देऊ नका. ती असली की कायद्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. छोट्या रकमेसाठी तक्रार करत कुणी बसत नाही, पण बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की अकाउंटवाला निदान बिल बाजूला तरी ठेवत नाही. जीएसटी सेवांना वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, तिकडे आत्ता बघायचीही गरज नाही.

नोकरी सांभाळून धंदा ही काही आजची टूम नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते तेव्हा सायकली खरेदी करून बेळगावला धाडायचे आणि तिथे त्यांचे बंधू रामुअण्णा त्या विकायचे, वर चालवायलाही शिकवायचे. लोखंडी नांगर आणि १९१० ची किर्लोस्करवाडी नंतरची.

दुसरी_पाळी

वर सगळे तासांचा हिशेब करताहेत, एक तास कुणीच धरला नाही. पाळी बदलते त्या आठवड्यात 'रोज दोन तास' होत नाहीत. रात्रपाळीच्या आठवड्यात शून्य धरा, उरलेल्यांत आठवड्याला दहा. झोप कापून शिकलेला माणूस सेटिंगवर दशांश चुकवतो. बाकी चालू द्या.

कलम_वाचा

बाहेरची कामं घ्यायच्या आधी कपाटातलं अपॉइंटमेंट लेटर काढा. 'अन्य कोणतंही काम किंवा व्यवसाय करणार नाही' अशी ओळ बहुतेक पत्रांत असते. असेल तर लेखी परवानगी मागा. मालकाच्या ग्राहकांची कामं घेणार नाही असं लिहून दिलं तर कधी कधी मिळते. शिवाय कारखान्यातल्या कामगाराने एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करण्यावर कायद्याचंच बंधन आहे. घरी बसून प्रोग्राम लिहिणं वेगळं, आणि सुटल्यावर शेजारच्या शॉपमध्ये मशीनवर उभं राहणं वेगळं. तिथे अपघात झाला तर विम्याचा प्रश्न दोन्ही मालकांच्या गळ्यात येतो आणि हात तुमचा गेलेला असतो.

पेनड्राइव्ह. कंपनीचे प्रोग्राम, ग्राहकांची ड्रॉइंग, फिक्स्चरची मॉडेलं, यातलं काहीही घरी नाही. 'मीच लिहिलेला प्रोग्राम' हा बचाव चालत नाही, पगारात लिहिलेला प्रोग्राम कंपनीचा. डोक्यात आहे ते तुमचं. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करायला बंदी घालणारी अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही, पण गोपनीयतेची अट टिकते. लोक नेमकी उलटी समजूत करून घेतात, पहिलीला घाबरतात आणि दुसरी मोडतात.

आणि सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा झाल्याशिवाय राजीनाम्याचा विचार नको. नोकरी म्हणजे शंभर टक्के विक्री एकाच ग्राहकाला. कुठलाही दुकानदार अशा स्थितीत गल्ल्यात काहीतरी राखून ठेवतो.

पुढेमागे सोडायचं ठरलंच तर तारीख बघून सोडा. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटचा बेसिक अधिक डीए (भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर जास्तीचा भागही यात धरतात), गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त झाले की पूर्ण वर्ष धरतात. ही धरायची रक्कम २० हजार असेल तर नऊ वर्षं पाच महिन्यांना १,०३,८४६ रुपये, आणि नऊ वर्षं सात महिन्यांना १,१५,३८५. साडेअकरा हजारांचा फरक दोन महिन्यांत पडतो. रुजू झाल्याची तारीख पत्रावरची धरा, पीएफच्या पासबुकातली नको, ती कधी कधी उशिराची असते.

सेटर_भोसरी

पत्र काढलं. ती ओळ आहे. म्हणजे दोन नंबरची वाट परवानगी मिळेपर्यंत बंद, जाहिरातींच्या रेघा या रविवारी. ट्रे मधल्या व्हीएमसीपुढेच साचतात असं वाटतंय, पण दोन आठवडे लिहून मग सांगतो. @टूलरूम_३, बेस प्लेटला ईएन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद) घेऊ की माइल्ड स्टील चालेल?

टूलरूम_३

माइल्ड स्टील चालेल, पण डॉवेल होलमध्ये हार्डन केलेले बुश (कडक केलेल्या छोट्या नळ्या) घाला, नाहीतर सहा महिन्यांत होल खाऊन जागा हलते. जाडी ३० मिलिमीटरच्या खाली नको. मटेरियल आल्यावर एकदम फिनिश करू नका. दोन्ही बाजूंनी रफ करा, दोन दिवस तशीच पडू द्या, मग फिनिश. होल मात्र प्लेट मशीनच्या टेबलवर बसवल्यावरच बोअर करा, त्याच मशीनवर.

थ्रूपुट

आणि प्लेट बसवायच्या आधीची दहा सेटिंगं मोजून झालेली असू द्या. नंतर मोजलेलं 'आधीचं' मालक मान्य करत नाही.